मारिओ परत हातात घेतला: पोरगी सोडत नाही आणि माझा हात चुकतोय

अनगोळकर

नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं नुसता वाचत आलोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, कारण आठवडाभर एकच गोष्ट डोक्यात फिरतेय.

मेव्हणा दिवाळीला पुण्याहून आला होता, जाताना त्याचा स्विच, म्हणजे निन्टेन्डोचं गेम खेळायचं यंत्र, आमच्याकडं ठेवून गेला. त्यात निन्टेन्डोचे जुने गेम आहेत आणि त्यात पहिला सुपर मारिओ ब्रदर्स आहे, १९८५ चा, तोच आपला. पोरगी नऊ वर्षांची. तिला म्हटलं बघ, बाबा तुझ्याएवढे होते तेव्हा हे खेळायचे. वाटलं दोन मिनिटं बघेल, ती चौकोनी चौकोनी चित्रं बघून हसेल आणि परत मोबाईलकडं जाईल. आज आठवा दिवस. शाळेतून आली की दप्तर सोफ्यावर आणि पहिलं हेच. मोबाईलवर तिचे केवढे गेम आहेत, रोज बक्षीस देणारे, रोज नवीन कपडे देणारे, ते सगळे पडून आहेत. हा गेम तिला काहीच देत नाही, उलट तिन्ही लाईफ गेल्या की पहिल्यापासून सुरू, तरी ती ओठ दाबून परत बसते. काल ४-१ पर्यंत, म्हणजे चौथ्या वर्ल्डच्या पहिल्या लेव्हलपर्यंत गेली. चाळीस वर्षांपूर्वीच्या गेममधे असं काय आहे हे मला खरंच समजून घ्यायचंय.

दुसरी गोष्ट मनाला लागलीय. मी स्वतः बसलो आणि हात चुकतोय. थोडाथोडका नाही, सपशेल. १९९५-९६ ला बेळगावच्या वडगावात मामाच्या घरी आम्ही हा गेम जवळजवळ न बघता खेळायचो. आता कडेपर्यंत पळत येऊन उडी मारायची तर बटण दाबेपर्यंत गडी खड्ड्यात. छोटी उडी घ्यायला जावं तर ती मोठी होते, डोकं विटेला आपटतं आणि खाली येतो तो सरळ त्या तपकिरी टोपीवाल्या शत्रूच्या पुढ्यात. सगळं कसं अंगावर धावून आल्यासारखं वाटतं. मी उद्यमबागेत लेथवर आहे, बावीस वर्षं झाली, ०.०२ एमएमचा फरक मला हाताला कळतो, याच हातावर घर चाललंय. त्यामुळं रात्री पडल्या पडल्या विचार येतो की हात मंद झाला की काय. चष्म्याचा नंबर पण बदललेला नाही. कुणाला असा अनुभव आलाय का?

खानापूरवाला

दादा, तुमच्या हाताचं काय ते जाणकार सांगतील, मी पोरीचं सांगतो, कारण तुम्ही लिहिलेलं वाचून मला आमचा थोरला आठवला.

जुलैमधे आमच्याकडं पाऊस लागला की करंट म्हणजे पाहुणा, आला तर आला. आम्ही चौघं भावंडं, टीव्हीला जोडायचा गेमचा एक डबा, एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर ९९९९ इन १ लिहिलेलं आणि आत मोजून वीस-बावीस गेम, तेच परत परत वेगळ्या नंबरानं, ज्या दुकानातनं घेतली तिथं वडील भांडून पण आले. पण मारिओ होता त्यात. एकदा थोरला ८-३ मधले ते हातोडे फेकणारे जोडीनं उभे असतात ते पार करून ८-४ च्या दारात पोचला आणि भप्पकन लाईट गेली. सेव्ह नावाचा प्रकार त्या गेममधे नाहीच. तो अंधारात रिमोट हातात धरून तसाच बसून राहिला, आम्ही तिघं पण गप्प, बाहेर नुसता कौलांवर पाऊस. आईनं चिमणी लावली आणि म्हणाली, उद्या परत जा की, वाट तर कळली न्हवं.

दुसऱ्या दिवशी तो पाऊण तासात परत तिथं. तेव्हा मी लहान होतो पण तेवढं बघितलं की करंटनं गेम नेला तरी थोरल्याच्या हातातलं काही नेता आलं नाही. मोबाईलवरच्या गेममधे आपण जे कमावतो ते गेममधे जमा होतं, हिथं ते पोरीच्या बोटात जमा होतंय.

शहापूरची अक्का

वरचं शेवटचं वाक्य अगदी पटलं. आणि कुणी लहानपणाच्या आठवणी, सोनेरी दिवस वगैरे लिहायला येणार असेल त्याआधीच सांगते, अनगोळकर दादांच्या लेकीला कुठल्या आल्यात आठवणी? तिला तर हा गेम आज नवीनच आहे. म्हणजे कारण गेममधेच शोधायला पाहिजे.

माझं सांगते. आमच्या घरी खाली दोन माग आणि वर आम्ही. डबा भावांचा, ते तिघं आणि गल्लीतले चार, माझा नंबर यायचाच नाही. दुपारी ते क्रिकेटला गेले की मला अर्धा-पाऊण तास मिळायचा. खाली मागाचा खडखडाट एवढा की टीव्हीचा आवाज कानापर्यंत यायचा नाही, मी बिनआवाजाचा मारिओ खेळून मोठी झाले. मी त्यात का गुंतले ते तेव्हा सांगता आलं नसतं, आता येतं. मेले की कारण समोर दिसायचं. कासवाची ढाल मीच लाथाडलेली, ती पाईपला आपटून परत माझ्याच अंगावर आलेली. टोपीवाले दरवेळी त्याच जागी, मशरूम त्याच विटेत, खड्डा तेवढाच रुंद. घरात तेव्हा चूक एकाची आणि बोलणी दुसऱ्याला असा कारभार होता, सात माणसांत मी धाकटी, बहुतेक बोलणी माझ्याच वाट्याला. त्या अर्ध्या तासात चूक केली तर ती माझी असायची आणि उडी जमली तर ती पण माझी. एवढा सरळ न्याय मला त्या वयात दुसरीकडं कुठं मिळाला नव्हता.

भावांना सहा महिन्यांनी कळलं मी ७-४ पर्यंत जाते. त्यातला तो भुलभुलैया, चुकीच्या वाटेनं गेलं की तोच रस्ता परत परत येतो, तो त्यांना सुटत नव्हता. मी वर-खाली कुठनं कुठं जायचं ते खडूनं दाराच्या मागं लिहून ठेवलेलं होतं. मग माझा नंबर लागायला लागला.

पिक्सेल_बेळगाव

अक्का, दाराच्या मागच्या खडूला माझा नमस्कार.

मी ॲनिमेशन शिकवतो, दरवर्षी पहिल्या आठवड्यात पोरांना हीच १-१ लेव्हल दाखवतो, म्हणून जरा लांब लिहितो. गेम शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी केला. सुरुवातीला कुठंही सूचना नाही, बाण नाही, बोट दाखवणारा हात नाही. मारिओ स्क्रीनच्या डाव्या बाजूला उभा आणि उजवीकडं मोकळी जागा, म्हणजे कुठं जायचं ते न सांगता कळलं. थोडं पुढं गेलं की वर चमकणारा प्रश्नचिन्हाचा ठोकळा आणि समोरून एकटा टोपीवाला. पहिल्यांदा खेळणारा एकतर त्याला धडकून मरतो, हरकत नाही, चार सेकंदांचाच खेळ गेलेला असतो, नाहीतर घाबरून उडी मारतो आणि ती ठोकळ्याला लागते नाहीतर त्याच्या डोक्यावर पडते. तीन गोष्टी कळल्या.

मग मशरूम. तो ठोकळ्यातनं बाहेर येतो, उजवीकडं सरकतो, खाली पडतो, पुढच्या पाईपला आपटून परत तुमच्याकडंच येतो. आत्ताच एका टोपीवाल्यानं मारलंय त्यामुळं माणूस पळायला बघतो, पण वर विटा आहेत, उडी मारली तर डोकं आपटून खाली, आणि बहुतेक वेळा मशरूम अंगावर येतोच. आणि मारिओ मोठा होतो. वाईट वाटलेली गोष्ट चांगली निघाली. नऊ वर्षांच्या पोरीचा चेहरा त्या क्षणाला बघा तुम्ही.

माझी सगळ्यात आवडती जागा मात्र लेव्हलच्या शेवटाकडं आहे. दोन जिने समोरासमोर, मधे जमीन. चुकलात तर खाली पडता, काही होत नाही, परत चढता. लगेच पुढं तसेच दोन जिने, मधे खड्डा. म्हणजे आधी सुरक्षित जागी सराव करून घेतला आणि मग परीक्षा. पोहायला शिकवणारा माणूस आधी कमरेएवढ्या पाण्यात उभं करतो तसं. हे सगळं किती जागेत? प्रोग्रॅम ३२ केबी आणि चित्रं ८ केबी, मिळून ४०. घरच्या ग्रुपवर सकाळी येणारा सुप्रभातचा एक फोटो याच्यापेक्षा मोठा असतो. ढग आणि झुडपं नीट बघा, आकार एकच आहे, नुसता रंग बदललाय. टोपीवाला चालतो म्हणजे एकच चित्र डावं-उजवं उलटवलंय. जागा नव्हती म्हणून जे लागतं तेवढंच ठेवलं, आणि जे ठेवलं त्यातलं एक पण वाया नाही.

चिकोडीचा कॉन्ट्रावाला

सगळ्यांचा मान राखून माझं वेगळं मत. आमच्याकडं मारिओ नंबर दोनला होता. कॉन्ट्रा म्हणून दुसरा गेम होता, त्यात दोघं एकदम खेळतात, मित्र शेजारी बसून बरोबर लढतो. मारिओत दुसरा नुसता वाट बघत बसतो कधी पहिला मरतोय. ही काय मजा?

शहापूरची अक्का

अहो तीच मजा होती. वाट बघणारा पण खेळतच असतो, नुसता रिमोट त्याच्याकडं नसतो.

संकेश्वर नाका

अक्कांनी माझ्या मनातलं लिहिलं म्हणून आलो, एरवी मी फारसं लिहीत नाही.

वडिलांची बदली झाली तेव्हा आम्ही संकेश्वरात नवीन होतो, मी सहावीत. शेजारच्या घरात माझ्याच वयाचा पोरगा, कन्नड मिडियमचा, घरी पण कन्नडच. मला तेव्हा कन्नड येत नव्हतं आणि त्याला मराठी म्हणजे नुसतं "काय रे". त्याच्याकडं डबा होता. पहिल्या दिवशी त्यानं हातानंच खूण केली, बस. तो मारिओ, मी लुईजी, म्हणजे दुसऱ्या खेळाडूचा गडी. तो खेळायला लागला की मी ओरडायचो "उडी, उडी", माझी पाळी आली की तो ओरडायचा "हारो! हारो!" दोन दिवसांत कळलं हारो म्हणजे उडी मार. मग बिद्द म्हणजे पडला, सत्त म्हणजे मेला. महिन्याभरात तो माझ्या पाळीला "उडी" ओरडायचा आणि मी त्याच्या पाळीला "हारो". एकाच लाईफवर दोघांचा जीव, मेलास तर पाळी जाते पण तरी दुसऱ्यानं मरावं असं कधी वाटलं नाही, कारण तो पुढं गेला तरच मला पुढची लेव्हल बघायला मिळणार.

आज त्याचं चिकोडीला मोबाईलचं दुकान आहे. फोन आला की पहिला शब्द अजून "हारो".

चिकोडीचा कॉन्ट्रावाला

हे वाचून माझं म्हणणं मी मागं घेतो. त्या दुकानात मी जात असेन बहुतेक.

निपाणीचा टीव्हीवाला

राम राम. उशिरा बघितला धागा. अनगोळकर, तुमचा हात ठणठणीत हाय, उद्या निवांत कामावर जावा.

टीव्ही रिपेरीत तीस वर्षं गेली माझी, हे डबे शेकड्यानं उघडलेत. आता नीट ऐका. जपान आणि अमेरिकेचा टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवायचा. आपला दूरदर्शनपासूनचा टीव्ही पाल, म्हणजे ५० वेळा. मारिओ लिहिला जपानच्या ६० साठी. आणि त्या गेमला घड्याळ कळत नाही, त्याला चित्र कळतं. एका चित्रात मारिओ किती सरकायचा, उडीत किती वर जायचा, टोपीवाला किती चालायचा, सगळं चित्रागणिक ठरलेलं. आपल्याकडं जे डबे आले ते बहुतेक ५० वर चालणारे, आणि कॅसेटमधे नक्कल मात्र त्या ६० वाल्या जपानी गेमची, जशीच्या तशी. म्हणजे जो गेम एका सेकंदात ६० पावलं चालायचा तो आपल्याकडं ५० च चालला. सहा भागांतला एक भाग गायब. सगळाच गेम हळू, मारिओ पण, शत्रू पण, त्यामुळं शेजारी ठेवून बघितल्याशिवाय कुणाला कळलं नाही.

तुम्ही मामाच्या घरी जो शिकला तो हळू मारिओ. स्विचवर हाय तो मूळ वेगाचा. तुमच्या बोटाला बटण किती वेळ दाबायचं ते पाठ हाय, तेवढाच वेळ तुम्ही दाबताय, पण तेवढ्या वेळात आता जास्त चित्रं होऊन जातात. या गेममधे बटण जेवढं धरून ठेवाल तेवढी उडी उंच, मग छोटी उडी मोठी होणारच. आणि कडेवर उडी मारायचा तुमचा जो अंदाज त्याच्या आधीच गडी कडेला पोचलेला असतो. तुमचा हात विसरलेला न्हाई, उलट फार नीट लक्षात ठेवलंय त्यानं.

आणखी एक, एलईडी टीव्हीवर खेळत असाल तर चित्र जरा उशिरा दिसतं, सेटिंगमधे गेम मोड असेल तर चालू करा, थोडा फरक पडेल.

अनगोळकर

काका, तुमची पोस्ट मी तीनदा वाचली. खरं सांगतो, छातीवरचं ओझं उतरलं. तरी कारखान्यातला माणूस आहे, मोजल्याशिवाय माझं समाधान होत नाही. हे मोजायचं कसं?

निपाणीचा टीव्हीवाला

मोजायला गेमनंच सोय केलीय. वर उजव्या कोपऱ्यात टाइम हाय, ४०० पासून उलटा येतो. लोकांना वाटतं ते सेकंद, ते सेकंद न्हाईत. २४ चित्रं झाली की एक आकडा कमी. १-१ ला जागेवर उभं राहा, हलू नका, ४०० ते ३०० किती वेळ लागतो ते मोबाईलच्या स्टॉपवॉचवर बघा. ६० वाल्यावर ४० सेकंद, ५० वाल्यावर ४८. अख्खे ४०० संपायला स्विचवर १६० सेकंद, आपल्या डब्यावर १९२. जुना डबा कुठं असेल तर काढा माळ्यावरनं.

ॲडॉप्टर जुना लावू नका पण, सुकलेला असतो आतनं, नवीन घ्या आणि व्होल्ट, पिन आणि प्लस-मायनस तिन्ही डब्याच्या लेबलाशी जुळवून घ्या. कॅसेट चालली न्हाई तर फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी मारलीय, पण तोंडातल्या ओलीनं आतल्या पट्ट्या खराब होतात. फुंकरीनं चालू होते असं वाटायचं ते काढून परत घालण्यानं व्हायचं. कापडाला थोडं स्पिरिट लावून पुसा.

पेटीमास्तर

निपाणीच्या साहेबांनी माझं एक जुनं कोडं सोडवलं. मी टिळकवाडीत पेटी शिकवतो. मागल्या वर्षी एका विद्यार्थ्यानं मोबाईलवर मारिओचं गाणं लावलं आणि मला ते पळवल्यासारखं वाटलं. टेप पळवली की सूर पण चढतो, म्हणून पेटीवर ताडून बघितलं, तर पट्टी तीच. लय जलद आणि सूर जागच्या जागी, हे कसं काय ते मला उमगेना. म्हणजे आपल्या डब्यात चित्र हळू चालायचं, त्याच्या गतीनं गाण्याची पुढची जागा उशिरा यायची, पण आवाज काढणारा भाग जवळजवळ मूळच्याच वेगानं चालायचा, बरोबर ना?

निपाणीचा टीव्हीवाला

शंभर टक्के बरोबर मास्तर.

पेटीमास्तर

मग माझ्या पिढीनं इथं ते गाणं मध्य लयीत ऐकलं आणि जपानी पोरांनी द्रुतमधे, एकाच पट्टीत. आता ऐकताना मला दोन्ही आवडायला लागलीत.

संगीत कोजी कोंडो यांचं. साधनं किती, तर दोन सुरांचे आवाज, एक खालचा खर्जाचा आणि एक नुसत्या खरखरीचा, त्यातच ताल. आणि त्यात पण उडीचा, नाण्याचा आवाज मधेच यायचा झाला की गाण्यातला एक आवाज तेवढ्यापुरता बाजूला होतो, त्याला जागा देतो आणि परत येतो. साथीला बसलेला चांगला वादक गवयाची तान आली की हात आवरतो, तसं. खेळणारा माणूस म्हणजे मुख्य कलाकार, गाणं त्याच्या साथीला. टाइम १०० वर आला की लय एकदम वाढते तेव्हा आमच्या घरी आजी सुद्धा स्वयंपाकघरातनं विचारायची, संपत आलं का रे? २०२३ ला अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत हे गाणं घेतलं, व्हिडिओ गेमचं पहिलंच. मला मनापासून आनंद झाला होता.

लुईजी_२०

मी इथला सगळ्यात लहान असेन, विसावं चालू आहे, माझ्या जन्माच्या वीस वर्षं आधीचा गेम आणि मी रोज खेळतो, स्पीडरनसाठी. म्हणजे अख्खा गेम कमीत कमी वेळात संपवायचा. पाईपचे शॉर्टकट घेऊन आठच लेव्हल खेळाव्या लागतात, १-१, १-२, ४-१, ४-२ आणि मग ८ मधल्या चारही. जगातला विक्रम ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत आहे. माझा त्याच्या आसपास पण नाही पण दर महिन्याला थोडा कमी होतोय.

काकांनी चित्रांचं सांगितलं त्यात भर. लेव्हल संपल्यावर पुढची लेव्हल लगेच चालू होत नाही, गेम दर २१ चित्रांनी एकदा बघतो की संपली का. टिळकवाडीत रेल्वे गेट पडलेलं असताना जो गाडी पळवत आला तो आणि जो निवांत आला तो, दोघं गेट उघडल्यावर एकदमच सुटतात ना, तसं. त्यामुळं दोन-चार चित्रं वाचवून उपयोग नाही, आधीचं गेट पकडता आलं पाहिजे, म्हणजे पूर्ण २१. सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा. त्यासाठी लोक वर्षानुवर्षं एकच उडी घासतात, मी पण घासतोय, ८-१ मधली एक.

खानापूरवाला

पोरा, एक विचारतो. आमच्या शाळेत एकजण शपथ घेऊन सांगायचा की १-२ च्या शेवटी भिंतीतनं आत जाता येतं आणि उणे एक नावाची लेव्हल येते. आम्ही त्याला खोटारडा म्हणून फार छळला. खरं काय?

लुईजी_२०

खरं आहे काका. १-२ च्या शेवटच्या पाईपजवळची वरची वीट फोडून अंग मुडपून उलटी उडी मारली की मारिओ भिंतीतनं सरकत पलीकडं शॉर्टकटच्या खोलीत जातो, आणि नंबर उमटायच्या आत पहिल्या पाईपमधे शिरला की वर्ल्ड उणे १. पाण्याची लेव्हल, शेवटच्या पाईपनं गेलं की परत तीच, संपतच नाही. चुकून राहिलेली गोष्ट आहे, मुद्दाम केलेली नाही.

खानापूरवाला

त्याचा नंबर आहे माझ्याकडं. आजच फोन करतो आणि माफी मागतो.

अनगोळकर

मंडळी, रविवारचा वृत्तांत.

वडगावला मामांच्या माळ्यावर डबा मिळाला, गोणपाटात गुंडाळलेला, एक रिमोट धड आणि दुसऱ्याची वायर उंदरानं कुरतडलेली. ॲडॉप्टर नवीन घेतला, लेबलाशी जुळवून. कॅसेट स्पिरिटनं पुसली, कापड काळं कुळकुळीत निघालं. मामांचा जुना डबा टीव्ही अजून चालतो, त्यालाच जोडला, चॅनल लावायला अर्धा तास गेला, मुंग्या मुंग्या आणि मग एकदम ते निळं आभाळ. मामी दारात येऊन उभी राहिली, म्हणाली, "परत सुरू का तुमचं?"

आधी मोजलं. स्विचवर ४०० ते ३००, ४० सेकंद. डब्यावर ४८. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच, माझं बटण दाबायचं मागंपुढं सोडलं तर. मग रिमोट घेतला. काका, काय सांगू, पहिल्याच खड्ड्याला हात आपोआप गेला. कडेवर, अगदी कडेवर, आणि पलीकडं अलगद. १-२ मधनं वर विटांवर चढून शॉर्टकट, तिथनं ४-१, एकही लाईफ न घालवता. एवढ्या वर्षांनी. मामा मागं खुर्चीत बसून बघत होते आणि प्रत्येक उडीला त्यांची मान थोडी वर जात होती, तेव्हा पण जायची.

मग पोरीच्या हातात दिला, आणि ती पडायला लागली. तिचा आठ दिवसांचा हात स्विचवर बसलेला, ती प्रत्येक उडी आधीच मारते आणि खड्ड्याच्या अलीकडंच उतरते. "बाबा हा हळू का चालतोय, याला बरं नाही का?" मी तिला काकांचं ५० आणि ६० समजावून सांगितलं, कागदावर रेघा मारून. तिला पूर्ण कळलं असं नाही, पण थोडा वेळ टीव्हीकडं बघत बसली आणि म्हणाली, "मग मी दोन्ही शिकते." संध्याकाळपर्यंत डब्यावर पण १-४ चा पूल ओलांडला.

घरी आल्यावर रात्री स्विचवर ४-२ ला गेली. तिथं लिफ्टच्या पुढं विटा आहेत, मी आयुष्यभर त्यांच्या खालनं पळत गेलोय. ती नुसतीच उड्या मारत होती, कुठं काय आहे बघू म्हणून, तर हवेत दडलेले ठोकळे निघाले, एक, मग दुसरा, त्यावर चढून तिनं वरची वीट मारली आणि विटेतनं वेल उगवली. सरळ वर, स्क्रीनच्या बाहेर. मला हे माहीतच नव्हतं. वेलीवरनं वर गेली, पुढं तीन पाईप, ८, ७, ६. तिनं माझ्याकडं बघितलं, मी म्हटलं तूच ठरव. ८ मधे शिरली आणि पंधरा सेकंदांत मेली आणि एवढी खूश होती की झोपायलाच तयार नाही.

शहापूरची अक्का

लेकीला सांगा, ती वेल मला पण सापडली नव्हती. आणि ७-४ ला आली की मला विचारायचं, दाराच्या मागचं सगळं अजून पाठ आहे.

अनगोळकर

नक्की अक्का. निपाणीचे काका, दुसऱ्या रिमोटची वायर बदलून मिळेल का? तिला लुईजी पाहिजे.

निपाणीचा टीव्हीवाला

मिळेल. रविवारी सकाळी या, दुकान अर्धा दिवस उघडं असतंय. दोन्ही रिमोट आणा, धड हाय त्याची पण बटणाखालची रबरं बघून ठेवतो. आणि पोरीला घेऊन या.